झाकण अमरावतीत, शेगडी अकोल्यात

अमरावतीच्या राजापेठेतला माझा शेषरावमामा साधं पाणीसुद्धा पुकारा करून मागतो. "पाणी एक बार... पाणी दोन बार..." तिसरी बार व्हायच्या आत मामी त्याच्यापुढे तांब्या आदळते. त्याचा धंदाच तसा. मामा लिलावात पुकारणारा. कोण्या साहेबाचा बंगला रिकामा झाला, कोण्या हॉटेलवाल्याचं दिवाळं निघालं, की मामा तिथे स्टुलावर उभा राहतो आणि बेंबीपासून आवाज काढतो. "हे पाहा शिसमचं कपाट! याच्या आरशात मेमसायबानं तोंड पाह्यलं! आता तुमीबी पाहून घ्या, मंग आरशाले वाईट वाटलं तं आपली जिम्मेदारी नाही!" लोक हसतात आणि हसता हसता बोली वाढवतात.

पण कोळशाच्या जुन्या शेगड्यांवर कोणी बोलत नसे. घरोघरी पंपाचे स्टोव्ह फुरफुरायला लागले होते, शेगडी कोणाला हवी? मामा तीनदा ओरडायचा, गर्दीकडे पाहायचा आणि मग स्वतःच खाली उतरून ती शेगडी काखेत मारायचा. "ज्याचं कोनी नाही, त्याचा शेषराव!"

अशी त्याच्या आंगणात मंडळी जमली. तो त्यांना मंडळीच म्हणतो. सोनाराची वाटीएवढी शेगडी होती, तिच्यावर फार तर एक जांभूळ भाजता येईल. एका शेठजीची पितळी पायांची होती, हिवाळ्यात नुसते तळपाय शेकायला केलेली. एक हॉटेलातली एवढी मोठी, की शेजारची बकरी तिच्यात बसून रवंथ करायची. मामा सुटीच्या दिवशी विटेच्या भुकटीने त्यांचा जंग घासतो, चिंचेच्या पाण्याने पितळ उजळतो आणि आतून मातीचा लेप देतो. पहिल्या वर्षी त्याने शेतातली काळी माती आणून लिंपली. रात्रीतून सगळ्या शेगड्यांना भेगा पडल्या. वऱ्हाडी माणसाला काळ्या मातीचा एवढा अभिमान, की ती शेगडीत चालणार नाही हे त्याच्या मनातच येत नाही. मग गावच्या पडक्या गढीची पांढरी माती, टांगा स्टँडवरची घोड्याची लीद आणि कापसाची रुई असं कालवण ठरलं. लेप सुकला की आधी चार निखारेच टाकायचे. "पयल्या दिवशी पोटभर देत नसतात, बाळंतिणीसारखं थोडं थोडं द्या लागते," असं मामा त्या शेगडीकडे पाहत म्हणतो.

कौशल्यामामी हे सगळं पाहते आणि कोंबड्यांशी बोलते. मामाला टोमणा मारायचा असला की ती त्याच्याकडे चुकूनही पाहत नाही. दाणे टाकता टाकता म्हणते, "काय वं कोंबडे, तुहंच बरं हाये. तुहा नवरा रस्त्यावरचं उचलून खाते, आमचा उचलून घरी आनते."

मंडळीत सगळ्यांत मानाचं होतं ते एक नुसतं झाकण. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जाड, उपड्या कढईसारखं. माथ्यावर लाकडी मूठ, कडेला एक कान आणि वर हवेचं भोक झाकायला फिरती चकती. ते मामाला बावन्न साली एका हॉटेलच्या लिलावात मिळालं. हॉटेलवाला ते उलटं ठेवून त्यात कोंबड्यांना पाणी पाजायचा. गर्दीत एक म्हातारा खानसामा उभा होता. तो पुढे आला, झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मियाँ, ये तो अकोलेवाले जिनिंग के साहब का है! साहबने कारखाने में ढलवाया था. नीचे गोल शेगडी, तीन पाँव, अंदर सूरजमुखी की जाली. ढक्कन बंद करो, तो आग इधर-उधर नहीं देखती. अपने काम को देखती है."

"अन् शेगडी कोठी हाये?" मामाने विचारलं.

"साहब विलायत गया, सामान बिखर गया. अल्ला जाने!"

तेव्हापासून मामाला एकच ध्यास लागला. झाकणाच्या घेराएवढी सुतळी मापून, दोन्ही टोकांना गाठी मारून तो ती खिशात ठेवू लागला. गोल वस्तू दिसली की सुतळी बाहेर. रहाटाची बादली, डांबराचं पिंप, हौद, एकदा तर एका लग्नात आचाऱ्याचा रस्सा उकळत असताना त्याने पातेल्याला सुतळी लावली आणि बोटं भाजून घेतली. मामी कोंबड्यांना सांगायची, "लोकायले भांडं भेटते अन् झाकण हरपते. आमच्या घरी झाकण हाये, भांड्याचा पत्त्या नाही."

एकसष्टच्या दिवाळीत तिने कोंबड्या सोडून थेट मामालाच सांगितलं, "यंदा चंपाषष्टीपर्यंत शेगडी नाही भेटली, तं थे झाकण माह्या खुराड्यावर जाईन. मुंगूस येते रात्री. झाकणाचं काही तं काम होईन."

आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग वांग्यांना मोकळीक. मामा छाती काढून म्हणाला, "यंदाचं चंपाषष्टीचं भरीत त्याच झाकणाखाली! एक बार... दोन बार..."

"तीन," मामी म्हणाली आणि आत निघून गेली.

भाऊबीजेला मामा-मामी आमच्याकडे अकोल्याला आले. आम्ही जुन्या शहरात राहतो, मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्लीत. मामाला ओवाळून झालं, करंज्या खाऊन झाल्या आणि तो पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडला. तिसरं घर गोदाबाईचं. दार उघडं होतं. आंगणात तुळशीची गोल कुंडी होती, दिवाळीची गेरूने रंगवलेली, चुन्याची बोटं काढलेली. खाली तीन पाय.

मामाने ते तीन पाय पाहिले.

गोदाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती आमच्या गल्लीची जुनी रहिवासी. तिच्या तोंडात ळ बसत नाही, ती तुळशीला तुयस म्हणते आणि प्रत्येक वाक्याला 'समजलं का?' असा खिळा ठोकते. तिने पाहिलं, की सुभद्रेचा, म्हणजे माझ्या आईचा, भाऊ चपला बाहेर काढून, हात जोडल्यासारखे पुढे धरून आंगणात आला, तुळशीपाशी गुडघ्यावर बसला आणि खिशातून सुतळी काढून तिच्याभोवती गुंडाळू लागला. बाया वडाला सूत गुंडाळतात तशी. गोदाबाईला भरून आलं.

"असे मानसं राह्यले नाही आता," ती आपल्या नवऱ्याला, नत्थुजींना म्हणाली. "अमरावतीहून येऊन माह्या तुयशीले सूत गुंडायते. समजलं का?"

"बराबर हाये," नत्थुजी म्हणाले. ते एवढंच म्हणतात.

इतक्यात सुतळीच्या दोन्ही गाठी एकमेकींना भिडल्या. मामाने कुंडीवर बोटाची पेरं ठोकली, कान लावून आवाज ऐकला, खिशातल्या नाण्याने गेरू खरवडला आणि आमच्या घरापर्यंत ऐकू येईल असा पुकारा केला, "बीड हाये! गोदाबाई, बोला! या शेगडीचं काय घेता?"

"शेगडी? कोन्ती शेगडी?"

"हे काय, हेच! तुळस ज्याच्यात हाये थे!"

गोदाबाईच्या मांडीवरचं सूप खाली आलं. "माह्या तुयशीची बोली लावता? सणासुदीच्या दिवशी? अन् मी मेली समजली, की देवमानूस आला! उठा! आधी उठा तिच्यापासून! समजलं का?"

दार लागलं. मामा गल्लीत उभा होता, हातात सुतळी.

दुसऱ्या दिवशी त्याने शहाणपणा केला. म्हणजे त्याला तो शहाणपणा वाटला. अमरावतीला जाऊन शेठजीची ती पितळी पायांची शेगडी चकाचक घासून घेऊन आला आणि गोदाबाईच्या दारात ठेवली. "अदलाबदल! पाहा कशी सोन्यासारखी! तुमची तुळस याच्यात ठेवा."

गोदाबाईने शेगडीकडे पाहिलं, मग मामाकडे. "म्हंजे माह्या पोरीले एका चुलीतून काढून दुसऱ्या चुलीत टाकू?"

मामाने पितळी शेगडी परत काखेत मारली.

मामीला मात्र उपाय सुचला होता. ती आईला स्वयंपाकघरात म्हणाली, "वन्स, आयका ना. तो सायेब त्या शेगडीत बोकड भाजे, थो खानसामाच सांगे. एवढं गोदाबाईच्या कानावर घाला, ते आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर फेकते. मंग आपण उचलून घेऊ."

आई म्हणाली, "हे बराबर सुचलं तुले."

मामा दारात ऐकत होता. तो आत आला आणि पहिल्यांदाच पुकारा न करता बोलला. "नाही. कोनी सांगायचं नाही. ते बाई रोज सकाळी तिच्यात पानी टाकते. मले शेगडी पायजे. तिचं इतक्या वर्साचं पानी नाही बाटवायचं मले."

मामीने आजूबाजूला पाहिलं. इथे कोंबड्या नव्हत्या.

मग आईच गेली गोदाबाईकडे, हळदीकुंकवाचं निमित्त काढून. आली ती हसू दाबत. "भाऊ, गोदाबाई म्हणते, तुयस तिची पोरगी हाये. पोरीच्या घराचा सौदा होत नसते. पण एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीले, तिचं लगन हाये. पोरगी लगन होऊन नव्या घरी गेली, तं जुनं घर रिकामंच होते. तं म्हणते, रीतीनं वरात आना, नवरदेव आना, पोरीले नवं घर बांधून द्या. अन् ऐक, पोरगी नव्या घरी रमली पायजे. नवं पान फुटलं, तं शेगडी तुही. सुकली, तं..."

"तं काय?"

"तं म्हणते, मले तोंड दाखवू नको म्हणा. समजलं का?"

आईने तो शेवटचा खिळा अगदी गोदाबाईसारखा ठोकला. नकला करण्याचा गुण आमच्या घरात कोणाकडून आला, हे तेव्हा कळलं.

मामा अमरावतीहून डोमाजीला घेऊन आला. डोमाजी कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर, मामाचा जुना दोस्त. मामाच्या मंडळीतले तुटके पाय, उडालेले रिबिट सगळे त्याच्या हातचे. तो बोलण्याआधी 'आता पाहा' म्हणतो आणि मग इतका थांबतो, की समोरचा खरंच इकडेतिकडे पाहायला लागतो. दोघांनी मिळून गोदाबाईच्या आंगणात विटा-चुन्याचं चौकोनी वृंदावन बांधलं. आत गढीची पांढरी माती आणि शेणखत. मामाने त्यात खिशातल्या पिशवीतून रुईही टाकली.

"हे काहाले?" डोमाजीने विचारलं.

"सवय," मामा म्हणाला.

गोदाबाई खाटेवर बसून देखरेख करत होती. "डोमाजी भाऊ, बारशीले लगनाले या जा."

"आता पाहा," डोमाजी म्हणाला आणि थापी पुसत थांबला. "छप्पनच्या दीक्षेपासून आपन देवाचे लगनं सोडले, बाई. अक्षता टाकणार नाही. पण कारागीर मानूस हावो, पोरीले या घरातून त्या घरात सुखरूप नेऊन ठेवीन. अन् पंगत सोडणार नाही."

"पंगतीले आमंत्रण लागते का? समजलं का?" गोदाबाई म्हणाली आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला उठली.

द्वादशीच्या संध्याकाळी आमच्या घरातून वरात निघाली. अंतर तीन घरांचं, पण गोदाबाईने निरोप धाडला होता, की एवढी जवळची वरात शोभत नाही, नदीपर्यंत जाऊन फिरून या. म्हणून मामा डोक्याला फेटा बांधून, हातात पाटावर बाळकृष्ण घेऊन मोर्णेपर्यंत गेला आणि परत आला. मागे मामी, आई आणि गल्लीतली सगळी पोरं पत्र्याचे डबे बडवत. दारात गोदाबाई पंचारती घेऊन उभी होती, पण बाजूला सरकेना.

"वाजंत्री कोठी हाये?" तिने विचारलं.

"हे काय, डबे!"

"डबे? माह्या पोरीच्या लगनात डबे? नत्थुजी, आपली पोरगी काय वाऱ्यावर पडली?"

"बराबर हाये," नत्थुजी म्हणाले आणि गोदाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते आत जाऊन बसले.

मग मामाने पाट मामीकडे दिला, दारातच उभा राहिला आणि पुकारा सुरू केला. "आयका हो आयका! नवरदेव गोकुळचा! घर मथुरेत, शेती द्वारकेत! गाईगुरं बेसुमार! नवरीचं माहेर अकोला, जुनं शहर! रंग हिरवागार, सुवास घरभर, औषधी गुन अंगात! अशी नवरी एक बार... अशी नवरी दोन बार..." आणि थांबला. मामा गोदाबाईकडे वाकून म्हणाला, "तिसरी बार नाही म्हणत, इहीनबाई. हे बोली लावायची वस्तू नाही."

गोदाबाईने पदर तोंडाला लावला. हसली, हे तिने कबूल केलं नाही, पण ती दारातून बाजूला झाली.

उसाच्या मांडवाखाली अंतरपाट धरला. मंगलाष्टकं गल्लीतल्या भटजींनी नाकातून म्हटली, 'सावधाऽऽन' म्हणताना त्यांची मान उसाच्या पानात अडकली. चिंचा, आवळे, बोरं, अक्षता सगळं मिळून सगळ्यांच्या डोक्यावर पडलं. डोमाजी ओट्यावर बसून शांतपणे चुरमुरे खात होता. पंगत उठली, तशी त्याने पिशवीतून हातोडी आणि छिन्नी काढली आणि म्हणाला, "आता पाहा. पाठवणी."

त्या शेगडीच्या आत मध्यावर जाळी होती. वर माती, खाली राखेचा रिकामा भाग. जाळीचे बोल्ट गंजून शेगडीला चिकटले होते. डोमाजीने खालून, भोकांतून, एकेक बोल्ट ठोकून मोकळा केला. मग दोघांनी दोन बाजूंनी हात घातले आणि तुळस मातीच्या गोळ्यासकट, जाळीसकट अलगद वर आली.

सगळ्यांनी कंदील जवळ आणले. ती जाळी खरंच सूर्यफुलाची होती. मध्ये गोल, भोवती पाकळ्या आणि पाकळ्यापाकळ्यांतून तुळशीची मुळं आरपार गेलेली, खाली वळून परत वर आलेली. बोटाएवढी जाड मुळं, लोखंडाला वेणीसारखी वेढलेली. मामाने त्यावरून हात फिरवला. त्या खानसाम्याने सांगितल्यापासून हे फूल त्याने कितीदा भुईवर कोळशाने काढून दाखवलं होतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

डोमाजीने तुळस हातात तोलून धरली. "आता पाहा, शेषरावभाऊ. जाळी पायजे तं मुळं कापा लागतीन. अर्धे तरी. मंग ते जगते की नाही, मी सांगू नाही शकत. मुळं ठेवायचे तं जाळी मातीत जाते. परत भेटत नाही."

"थोडी मुळं कापली तं?" मामाने विचारलं.

"थोडी कोन्ती ते तुमीच दाखवा."

मामा खाली बसला. एक मूळ बोटाने धरलं, सोडलं. दुसरं धरलं. मामी त्याच्यामागे उभी होती. तिने नेहमीसारखं इकडेतिकडे कोणाला सांगायला शोधलं नाही. ती म्हणाली, "अहो."

"काय?"

"काही नाही. बसा निवांत."

मामा उठला. हात झटकले. "डोमाजी, पोरगी सासरी चालली. तिच्या अंगावरचा दागिना काढून घ्यायचा का आपण? टाक तशीच."

तुळस जाळीसकट नव्या वृंदावनात गेली. डोमाजीने माती दाबली, गोदाबाईने पाणी घातलं. शेगडी बाजूला रिकामी पडली होती, आत ओल आणि गांडुळं. मामा तिच्याकडे पाहत राहिला, तर गोदाबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"इवाई," ती व्याह्याच्या नात्याने हळूच म्हणाली, "सायेब त्याच्यात बोकड भाजे, हे तुमाले मालूम होतं ना?"

मामा गडबडला. "तुमाले कोनी सांगितलं?"

"कोन सांगते? हे नत्थुजीच तं तिथं चौकीदार होते. सायेब गेला तवा तेच घेऊन आले. मले पयल्या दिवसापासून मालूम हाये."

"मंग चाललं तुमाले?"

"तुयशीनं काय नाही धुतलं जात? इतके वर्स पानी टाकलं, तो बोकडबी आतापर्यंत वैकुंठाले पोचला असन!" तिने मातीचे हात पदराला पुसले. "तुमाले मालूम होतं, अन् तुमी बोलले नाही. सांगितलं असतं लोकायले, तं दुसऱ्या दिवशी शेगडी भेटली असती तुमाले."

मामा पायाने माती सारखी करत राहिला.

"पण शर्त शर्तच हाये," गोदाबाई म्हणाली. "पान फुटल्याबिगर शेगडी हलणार नाही. समजलं का?"

मामा-मामी अमरावतीला परतले. इकडे तुळशीने मान टाकली. आधी मंजिऱ्या गळल्या, मग खालची पानं पिवळी झाली. गोदाबाई सकाळी पाणी घालताना तिच्याशी बोलायची आणि भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं. "काहून वं माय? करमत नाही का? नवं घर हाये, पक्कं हाये. मीबी आली तवा रडली होती, मंग राह्यलीच ना? हे पाहा नत्थुजी, तेवढे काही वाईट नाही."

"बराबर हाये," भिंतीपलीकडून.

मामा लिलावाच्या निमित्ताने बडनेऱ्याला आला, की तिथून गाडीत बसून अकोल्याला यायचा. गोदाबाई दारातूनच हात हलवायची, अजून नाही. मग तो गल्लीच्या टोकाशी थोडा वेळ उभा राहायचा आणि परत जायचा. मंगळवारच्या बाजारात जांभळी, लांबट, देठाला काटे असलेली वांगी विकायला येऊ लागली होती. अमरावतीहून मामीने आईला निरोप धाडला, की तिने खुराडं शाकारून घेतलंय, फक्त झाकणाची जागा मोकळी ठेवलीय.

मार्गशीर्ष लागला. चंपाषष्ठी दोन दिवसांवर आली आणि सकाळी गोदाबाईची हाक ऐकू आली. हाक कसली, मामाचाच पुकारा. "सुभद्रेऽ! ये वं! पान! एक पान... दोन पानं..."

सुकलेल्या काडीच्या बगलेत हरभऱ्याएवढी हिरवी जोडी फुटली होती. त्याखाली आणखी दोन. गोदाबाई नत्थुजींवर ओरडत होती, की डोळ्यांनी बोट लावू नका, दृष्ट लागेल. डोळ्यांनी बोट कसं लावतात ते तिलाच ठाऊक.

मामाला कळवायला वेळच नव्हता. गोदाबाई म्हणाली, "कयवायचं काहाले? नेऊनच देऊ." तिने शेगडी घासली, पुसली, तिला आपलं जुनं लुगडं गुंडाळलं आणि आम्ही सगळे अमरावतीच्या मोटारीत बसलो. कंडक्टर म्हणाला, सामान टपावर टाका. गोदाबाई म्हणाली, "पोरीच्या माहेरची वस्तू हाये, मांडीवर बसते. समजलं का?" मूर्तिजापूरपर्यंत ती शेगडी तिच्या मांडीवर बसली, तिथून पुढे नत्थुजींच्या.

मामा आंगणात कोळसे फोडत होता. गोदाबाईने लुगडं सोडलं आणि शेगडी खाली ठेवली. मामाने आधी शेगडीकडे पाहिलं नाही. त्याने विचारलं, "फुटलं?"

"तीन जोड्या," गोदाबाई म्हणाली.

मग तो ओरडला. कसा ओरडला, ते कागदावर लिहिता येत नाही, त्याला राजापेठच लागते.

डोमाजी दुसऱ्या दिवशी नवी जाळी घेऊन आला. कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या आडव्याउभ्या विणून केलेली. फूल नव्हतं, चटईची वीण होती. "आता पाहा," तो म्हणाला, "सायबाची फुलाची होती, आपली कापसाची हाये."

चंपाषष्ठीच्या सकाळी आतला लेप सुकला होता. बाभळीचे निखारे आत गेले, तेल लावून टोचे मारलेली वांगी जाळीवर गेली आणि मामाने झाकण उचललं. शेगडीच्या कडेला कानाची खाच होती. कान खाचेत बसला. झाकण खाली गेलं आणि एक भारी, बंद आवाज आला. मामाने चकती फिरवली. भोकातून धुराचा दोरा सरळ वर निघाला.

"आता?" मामी म्हणाली.

"आता काही नाही. पाहायचं नाही."

"जळले तं?"

"पाहायचं नाही म्हटलं ना!"

भरीत भाजताना वांगी न उलटवणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या बाईला सांगून पाहा. मामी दोनदा उठली, गोदाबाई तीनदा. डोमाजी म्हणाला, आता पाहा, आणि सगळ्या एकदम पुढे वाकल्या, तर तो म्हणाला, की काही नाही, नुसतं म्हटलं. नत्थुजी नाकाने हवा ओढत होते. शेवटी मामाच्यानेच राहवेना, त्याने झाकण उचललं. वांगी सगळीकडून सारखी पिचकली होती, साल सुटली होती, एकही बाजू कच्ची नाही की करपलेली नाही. आंगणभर तो धुराचा वास पसरला.

मामीने झाकणाची मूठ मामाच्या हातातून काढून घेतली. "द्या इकडे. तुमाले ठेवता येत नाही नीट." आणि स्वतः ते हळूच भिंतीला टेकून उभं केलं. खुराड्याचं नाव तिने काढलं नाही.

हिरवी मिरची, पातीचा कांदा, शेंगदाणे, वरून कच्चं तेल. नैवेद्य दाखवला आणि रोडग्यांबरोबर ते भरीत असं संपलं, की नत्थुजींनी पहिल्यांदाच नवं वाक्य म्हटलं: "अजून हाये का?" गोदाबाईला ठसका लागला.

हात धुऊन गोदाबाई आंगणातल्या मंडळींमधून फिरायला लागली. सोनाराची, शेठजीची, बकरीची. प्रत्येकीला वाकून पाहायची, पेरं ठोकायची आणि कान लावायची. मामा कौतुकाने मागेमागे. हॉटेलातल्या मोठ्या शेगडीपाशी ती थांबली आणि बराच वेळ उभी राहिली.

"इवाई, हिच्यात कढीपत्ता चांगला येईन. समजलं का?"

मामाचा चेहरा कोळशासारखा झाला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मामी पुढे झाली, बकरीला हाकललं, शेगडीचा एक कान स्वतः धरला आणि दुसऱ्याकडे मामाला बोट दाखवलं. "धरा ना! पाहता काय? मोटार सुटाची हाये त्यायची."